माळावरची मऊ जागा

तुळजाबाईच्या धाकट्या लेकीला, पुनमला, मुदखेडला दिली ते साल दोन हजार तेवीस. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लग्न लागलं. मांडवाच्या मेढी उपटल्या, पण त्यांचे खड्डे अंगणात अजून उघडेच होते, तेवढ्यात पाण्याचा नकाशा काढणारी माणसं गावात आली. पुढं कुणी विचारलं की ती माणसं कधी आली होती, तर तुळजाबाई म्हणायची, "पुनमीच्या मांडवाचे खड्डे बुजायचे होते तवा."

गाव कंधारच्या वरच्या अंगाला आहे. मन्याड नदीला मिळणारा एक ओढा गावाखालून जातो. ओढ्याकाठी काळी रानं, त्यांच्या वर मुरमाड पट्टा, आणि सगळ्यात वर माळ. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या. धाकट्या व्यंकटच्या हाताला ओढ्याकाठची काळी लागली आणि थोरल्या अण्णारावच्या हाताला माळ लागला, सव्वातीन एकर. चिठ्ठीच ती, कुणाला बोलायची सोय नव्हती. तेव्हापासून पारावर पत्ते खेळताना कुणाला वाईट पान आलं की "अण्णारावचा माळ आला" असं म्हणायची पद्धत पडली. अण्णाराव समोर बसलेला असला तरी म्हणायचे. तोही हसायचा.

माळावर हुलगा यायचा. पाऊस बरा झाला तर तूर यायची. पेरताना तिफणीचे फण दगडावर खणाखणा वाजायचे आणि बैलांच्या खांद्याला हिसका बसायचा. फक्त एका ठिकाणी, वरच्या बांधाजवळच्या तरवडाखाली, दोन हात जागेत फण लोण्यात गेल्यासारखा जायचा. तिथं मऊ आहे हे अण्णारावला ठाऊक होतं. का मऊ आहे ते ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोला, तुळजाबाईला, ठाऊक होतं.

भूकंपाच्या साली चैत्रात तिला मुलगी झाली होती. थोरला मुलगा बजरंग तेव्हा दोन वर्षांचा. अण्णाराव मुदखेडकडं खडी केंद्रावर कामाला गेला होता. मुलगी अकरा दिवस जगली. बारावा उजाडला असता तर नाव ठेवलं असतं. सासऱ्यानं एका खांद्यावर पहार घेतली, दुसऱ्या हातावर धडप्यात गुंडाळलेलं लेकरू घेतलं आणि तो माळावर गेला. कुत्र्यांच्या भयानं त्यानं कमरेइतका खड्डा काढला. सकाळी गेलेला माणूस दिवस मावळताना परत आला, तळहाताला फोड घेऊन. खड्ड्यात टाकायला घरात होतं तेवढं मीठ त्यानं नेलं होतं. त्या दिवशीचं कालवण अळणी झालं.

लहान लेकराच्या जागेवर दगड ठेवत नाहीत. आईला ती जागा दाखवत नाहीत. दाखवली तर आई तिथं जात राहते आणि पुढचं लेकरू टिकत नाही, असं म्हणतात. सासऱ्यानं दाखवली नाही. पण तुळजाबाईची छाती भरून यायची. ते दूध कुणाच्या पायाखाली येणार नाही अशा जागी ओतावं लागतं. ती वाटी घेऊन माळावर गेली आणि ताजी माती दिसायला वेळ लागला नाही. आठ दिवस ती तिथं वाटी ओतत होती. ओतलं की लगेच आत जायचं, पांढरा डागसुद्धा मागं राहायचा नाही. नवव्या दिवशी दूध आटलं.

अण्णाराव तीन आठवड्यांनी आला. बापानं सांगितलं, "पोर गेली." त्यानं पाय धुतले आणि जेवायला बसला. कुठं ठेवली ते विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती. पुढं तीस वर्षं तो तिथनं तिफण हाकत राहिला. तुळजाबाई पेरणीला मागं असली की त्या जागेला वळसा घालून चालायची. तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

*

नकाशावाली दोघं होती. सदफ नावाची पंचविशीतली मुलगी, नांदेडच्या कॉलेजात शिकणारी, आणि गाडी चालवणारा, सामान उचलणारा शिवकुमार. सदफ उदगीरची. तिचा बाप नजीर मोंढ्यात पोती शिवायचा. हे तिनं पहिल्याच दिवशी पारावर सांगून टाकलं, त्यामुळं लोक जरा सैल झाले. तिनं मोठा कागद पसरला. मन्याडचं सगळं खोरं त्यावर होतं, निळ्या, हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या ठिगळांचं.

"हे आभाळातून घेतलेल्या फोटोवरून काढलंय," सदफ म्हणाली. "उतार कुठं, खडक कसला, ओढे किती, सगळं एकावर एक ठेवून. निळ्यात पाणी चांगलं मुरणार. तांबड्यात नाही."

"आभाळातून फोटो काढला म्हणता," व्यंकट म्हणाला, "तर माझी एक शेळी संक्रांतीपासून गायब हाय. कुठं हिरव्यात चरायली का तेवढं बघा."

लोक हसले. सदफही हसली. "शेळी नाही दिसत, काका. पण तुमची विहीर दिसते. आणि ती मार्चलाच तळ गाठते, हेही कळतं."

 ते खरं होतं.

मग तिनं सांगितलं की गावाला एक पाझर तलाव मिळण्यासारखा आहे. एकच. जागा दोन आहेत, एक गायरान आणि दुसरा माळ. गायरानावर कालच तपासणी झाली, तिथं मध्यम निघालं. माळ हिरव्या-पिवळ्याच्या सीमेवर पडतोय. माळावर काय निघतं त्यावर ठरेल.

"पाझर तलाव म्हंजे पाणी साठवायचं न्हाई," व्यंकट लोकांना समजावून सांगू लागला. "वर मुरवायचं, न् खाली हिरीत काढायचं."

"बरोबर," सदफ म्हणाली. "तलावात पाणी दिसेनासं झालं तर तलाव चांगला. दिसत राहिलं तर फसला."

अण्णाराव कडेला उकिडवा बसला होता. त्याची छाती खडी केंद्रावरच्या धुरळ्यानं कायमची खराब झाली होती. बोलायच्या आधी त्याला खोकून घ्यावं लागायचं. तो खोकला आणि म्हणाला, "म्हंजे ठिवून घेतलं तर वाईट न् घालवलं तर चांगलं?"

"हो काका."

"मग माझा माळ लई चांगला निघतोय बघा. त्यानं आजवर काय बी ठिवून घेतलं न्हाई."

पुन्हा सगळे हसले. या वेळी त्याच्यावर नाही, त्याच्याबरोबर. घरी येताना तो तुळजाबाईला दोनदा म्हणाला, "मॅडम बी हसली."

*

तपासणीला पाणी लागणार होतं. माळावर पाणी नव्हतं. व्यंकटच्या विहिरीत तळाला झिरपायचं तेवढ्यावर, वीज असेल तेवढा वेळ मोटार चालायची. तिथून माळाचा चढ, चांगला पाव कोसाचा. पाणी आणायचं काम तुळजाबाईनं अंगावर घेतलं, म्हणजे अण्णारावनं तिच्या अंगावर टाकलं. "पंधरा घागरी लागत्यात म्हणं. तू हाईस की."

सकाळी सातलाच ऊन चटचट लागत होतं. तिनं चुंबळ ठेवली, त्यावर घागर, कमरेवर कळशी. पहिली खेप घेऊन ती वर आली तेव्हा शिवकुमार माळाच्या मधोमध लोखंडी कडी ठोकत होता. तळ नसलेल्या पिंपासारखी दोन कडी, एक मोठं, एक लहान, एकात एक बसायची. ती चार बोटं जमिनीत गेली पाहिजेत, मग आत पाणी ओतायचं आणि किती वेळात किती खाली जातं ते पट्टीवर बघायचं. शिवकुमार कड्यावर फळी ठेवून घण मारत होता. घण उसळी मारून वर येत होता. कडी जागची हलत नव्हती. विसाव्या घावाला मोठ्या कड्याची धार एका बाजूनं दुमडली.

"अजून थोडं सरकवू," सदफ म्हणाली. तिच्या नाकावरचं कातडं उन्हानं सोललं होतं. "तीन ठिकाणी घ्यायचंय आपल्याला."

"एक होईना, मॅडम," शिवकुमार म्हणाला. "ही जमीन न्हाई, ही आमच्या सासऱ्याची कवटी हाय."

त्यांनी दोन ठिकाणी बघितलं. तिथंही तेच. सदफनं स्वतः घण घेतला आणि पाच-सहा घावांत तिच्या हाताला मुंग्या आल्या. अण्णारावला ते बघवेना. आपल्या रानात आलेली परकी पोर, कुणाची तरी लेक, घण मारतेय आणि आपलं रान तिला दाद देत नाही, याची त्याला लाज वाटली. तो म्हणाला, "इकडं या. इथं मऊ हाय."

तुळजाबाई दुसऱ्या खेपेला खाली गेली होती. ती वर आली तेव्हा दोन्ही कडी तरवडाखाली बसलेली होती. चार बोटं काय, सहा बोटं आत. शिवकुमार घाम पुसत होता. अण्णाराव तरवडाची फांदी धरून उभा होता, जत्रेत नारळ फोडल्यावर माणूस उभा राहतो तसा.

"आणा काकू," सदफ म्हणाली. "आधी बाहेरच्या कड्यात, मग आतल्या."

तुळजाबाईच्या डोक्यावर घागर होती. ती उतरवायला हात वर गेले ते वरच राहिले.

"काय बघायलीस?" अण्णाराव म्हणाला. "वत की."

तिनं ओतलं. पाणी कड्यात गोल फिरलं, त्यावर तरवडाची दोन पानं तरंगली, आणि बघता बघता पानं खाली बसली. सदफनं घड्याळ बघितलं, वहीत लिहिलं. "अजून."

तिनं कळशी ओतली. तीही गेली.

"अरे वा," सदफ म्हणाली.

तुळजाबाई खाली गेली, वर आली, ओतलं. खाली गेली, वर आली. घागर हिंदकळत असेल, तिच्या चोळीचा पुढचा भाग भिजला होता. अण्णाराव आता आकडे विचारू लागला होता. "मॅडम, आता किती?" सदफ सांगायची आणि तो ते शिवकुमारला पुन्हा सांगायचा. शिवकुमारनं ते आधीच ऐकलेलं असायचं.

बारावी घागर जरा सावकाश गेली. तेरावी त्याहून सावकाश. चौदावीचं पाणी कड्यात उभं राहिलं आणि तुळजाबाईनं ते नीट बघितलं. खड्डा भरत आला होता. सासऱ्यानं कमरेइतका काढलेला, दगडगोट्यांनी बुजवलेला खड्डा. त्याच्या चहूबाजूंनी तोच खडक होता जो घणाला दाद देत नव्हता. ती पंधराव्या खेपेला खाली गेली तेव्हा वीज गेली होती. मोटार बंद. ती रिकामी वर आली.

"राहू दे," सदफ म्हणाली. "शेवटी थोडं कमी होतंच. हा आकडासुद्धा गायरानाच्या तिप्पट आहे. काका, तुमची जमीन एक नंबर आहे."

अण्णाराव खोकू लागला. खोकून झालं तरी त्यानं तोंडावरचा गमछा बराच वेळ काढला नाही.

*

दुपारी ती दोघं जेवायला घरी आली. भाकरी, पिठलं, कांदा. सदफ चुलीपाशीच बसली. जेवून झाल्यावर तिनं एक छापील कागद काढला. जागेबद्दल दहा-बारा प्रश्न होते. ती वाचायची, अण्णाराव उत्तर द्यायचा, ती खूण करायची. उतार किती, पीक कुठलं, किती वर्षं कसता.

"ज्या ठिकाणी कडी लावली," सदफनं वाचलं, "तिथं पूर्वी कधी खोदकाम झालं होतं का? खड्डा, झाड काढलेलं, विहीर धरलेली?"

"न्हाई," अण्णाराव म्हणाला. "जल्मापासनं बघायलोय. तिथं कुणी कुदळ बी मारली न्हाई."

त्याला जे ठाऊक होतं ते त्यानं सांगितलं. सदफनं खूण करायला पेन टेकवलं आणि मान वर करून विचारलं, "काकू? तुम्हाला काही माहीत आहे?"

तुळजाबाई तवा राखेनं घासत होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो भिंतीला टेकून बसला होता. बऱ्याच वर्षांनी त्याची पाठ सरळ होती. "एक नंबर" हे दोन शब्द त्याच्या तोंडावर अजून तसेच होते. तिनं सांगितलं असतं तर त्या मुलीनं कडी दुसरीकडं नेली असती, दुसरीकडं ती बसली नसती, आणि संध्याकाळच्या आत पारावर कळलं असतं की अण्णारावचा माळ शेवटी अण्णारावचाच माळ निघाला. आणि चार माणसांत त्याला कळलं असतं की तीस वर्षं तो कशावरून तिफण नेत होता.

"मला काय ठावं," ती म्हणाली. "मी घरातली बाई."

सदफनं खूण केली.

*

पाऊस झाला, हुलगा निघाला, थंडी आली. कागद वर गेले आणि परत आले. तलाव माळावर ठरला. सव्वा एकर जागा तळ्याखाली जाणार होती. अण्णारावनं संमतीच्या कागदावर सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर बैल वळवल्यासारखं वळवत. व्यंकट त्याच्या शेजारी उभा होता. वाटणी झाल्यापासून तो थोरल्या भावाला नावानं हाक मारायचा. त्या दिवशी म्हणाला, "दादा, आता माझी हीर तुझ्या माळाच्या जिवावर."

"माझी काय अन् तुझी काय," अण्णाराव म्हणाला.

पारावर आता चांगलं पान आलं की "अण्णारावचा माळ आला" म्हणू लागले. अण्णाराव तिथं मुद्दाम जाऊन बसायचा. खेळायचा नाही. नुसता बसायचा आणि तो शब्द येईपर्यंत उठायचा नाही. बजरंग उदगीरला मोंढ्यात हमाली करायचा, तो महिन्यातून एकदा घरी यायचा. बापाला असं बसलेलं बघून तो आईला म्हणाला, "बाबा बरे दिसायलेत गं." ती म्हणाली, "हाव."

दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत जेसीबी आला. चालवणारा सत्यम नावाचा देगलूरकडचा पोरगेला माणूस. कामाला कुठून तरी सुरुवात करायचीच होती. तुळजाबाई त्याला चहा घेऊन गेली आणि म्हणाली, "खालच्या अंगानं धर, बापू. वर साप हाय, तरवडात."

"साप मशिनीला काय करतोय, मावशी?"

"मशिनीला न्हाई. तू उतरतूस की मुतायला."

तो हसला आणि त्यानं खालून धरलं. तुळजाबाई रोज जायची. पाणी द्यायची, चहा द्यायची, दगड वेचून बांधाच्या उतारावर पिचिंगला लावायची. तिच्या बोटांची नखं झिजली. यंत्र रोज चार-पाच हात वर सरकायचं. गुडघाभर मुरूम निघायचा आणि खाली काळा पाषाण लागायचा. बकेटचे दात त्यावर घासले की कानशिलात कळ जायची. सत्यम शिव्या द्यायचा. साइटवरचा साहेब म्हणाला, "वरचं तर मऊ आहे ना? रिपोर्टमध्ये आहे. जा वर."

सातव्या दिवशी सकाळी यंत्र तरवडापाशी पोचलं. अण्णाराव घोंगडं पांघरून धुऱ्यावर बसला होता. तुळजाबाई चार हातांवर उभी होती. दातांनी तरवड मुळासकट उचलला. दुसऱ्या खेपेला खालची माती आली. ती बाकीच्या मातीसारखी तांबूस नव्हती, जरा पांढुरकी होती. तिसऱ्या खेपेला गोटे आले. दुसरं काही आलं नाही. चौथ्या खेपेला खडक लागला.

सत्यमनं ती माती वळवून बांधावर टाकली. तुळजाबाई बांधावर चढली आणि ती माती हातानं सारखी केली. ढेकळं फोडली. तिच्या कमरेत कळ होती, तेवढीच होती. आणखी काही होईल म्हणून ती थोडा वेळ थांबली. झालं नाही. मग ती खाली उतरली आणि चहाची किटली घेऊन घरी गेली. म्हशीचं शेण काढायचं राहिलं होतं.

*

त्या पावसाळ्यात पाऊस भरपूर झाला. जुलैत तळ्यात गुडघाभर पाणी आलं, ऑगस्टात छातीइतकं. आणि ते उभं राहिलं. आठ दिवस, पंधरा दिवस, महिनाभर उभंच. म्हशी डुंबू लागल्या. बगळे आले. गावच्या पोरी तिथं फोटो काढायला जाऊ लागल्या. माळावर पाणी उभं राहिलेलं आजवर कुणी बघितलं नव्हतं. जो तो अण्णारावला सांगायचा, "भरलं की तुझं तळं."

पाणी दिसेनासं झालं तर तलाव चांगला, हे सदफनं पारावर सांगितलं होतं. लोक ते विसरले होते. समोर पाणी दिसत असताना दुसरं काही आठवत नाही. अण्णारावही विसरला होता. तुळजाबाई विसरली नव्हती. पाऊस उघडला की व्यंकटच्या विहिरीचं पाणी दोन हात खाली जायचं, दरसालसारखं. व्यंकट म्हणायचा, "मुरायला येळ लागतोय, वहिनी. खडक जुना हाय." ती म्हणायची, "आसंल, भाऊजी."

अण्णारावची छाती आता दोन पावलांवर भरून यायची. कंधारच्या डॉक्टरानं नांदेडला न्यायला सांगितलं, नांदेडच्यानं घरी न्यायला सांगितलं. तरी रोज सकाळी तो म्हणायचा, "चल, पाणी बघून येऊ." ती त्याला काखेत हात घालून न्यायची. तीन ठिकाणी बसत ते वर पोचायचे. मग तो बांधावर बसायचा, त्याच जागी, जिथं तिनं माती सारखी केली होती. तिथं गवत दाट आलं होतं, बसायला मऊ.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते असेच बसले होते. रात्रभर पाऊस पडून उघडला होता. पाणी गढूळ होतं, वाऱ्यानं त्यावर बारीक सुरकुत्या येत होत्या. त्यानं एक खडा पाण्यात टाकला. मग म्हणाला, "आपली ती पोर."

तुळजाबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"आज आसती तर किती वर्साची आसती?"

"एकतीस."

"तू मोजून ठिवलंस?"

"बजरंगाहून दोनानं धाकटी. त्यात काय मोजायचं."

तो खोकला. तिनं पाठीवरून हात फिरवला. बरगड्या वेगवेगळ्या हाताला लागत होत्या. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "बाबांनी कुठं ठिवली, ठावं हाय का तुला?"

समोर एक म्हैस पाण्यातून बाहेर येत होती. तिच्या अंगावरून पाणी गळत होतं. तुळजाबाईनं ती पूर्ण बाहेर येऊ दिली.

"न्हाई," ती म्हणाली.

"मला बी कदी इचारू वाटलं न्हाई," तो म्हणाला. त्यानं बसल्या जागचं गवत उपटून बोटात फिरवलं आणि टाकून दिलं. "पाणी मातर झाक ऱ्हायलंय. न्हाई का?"

"हाव," ती म्हणाली. "लई झाक."

*

सदफ नोव्हेंबरात आली. बरोबर शिवकुमार होता आणि नवी कडी होती. तिला अण्णारावचं कळलं नव्हतं. ती हाक मारत आली, "काका, ओ एक नंबरवाले," आणि दारात तुळजाबाईचं मोकळं कपाळ बघून थांबली. आत येऊन बसली. पाणी प्यायली. मग थोड्या वेळानं माळावर गेली.

दुपारपर्यंत तिनं विहिरी मोजल्या, तळ्यात पट्टी सोडली, कडेला तीन ठिकाणी कडी ठोकायचा प्रयत्न केला. एकच कसंबसं बसलं. त्यात ओतलेलं पाणी तासभर तसंच राहिलं. ती घरी आली तेव्हा तिच्या हातात वही होती आणि चेहरा उतरलेला होता.

"माझंच चुकलं, काकू," ती म्हणाली. "खालच्या एकाही विहिरीला थेंब लागलेला नाही. मी एकाच ठिकाणचा आकडा धरला. पण तो आकडा आला कसा, तेच कळत नाही. मी स्वतः बघितलंय, पाणी जात होतं."

तुळजाबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तिथं खड्डा होता," ती म्हणाली. "कमरेइतका. माझ्या सासऱ्यानं काढलेला. आमची पोर होती त्यात, अकरा दिवसांची."

सदफचा हात वहीवरच राहिला. ओसरीवर शिवकुमार बिडी पेटवत होता, त्यानं काडी विझवली.

"मी विचारलं होतं तुम्हाला," सदफ हळू म्हणाली.

"हाव. इचारलं होतं."

"मग?"

"तुमी त्येला एक नंबर म्हणला होता."

सदफनं वही मिटली. मग तिनं पिशवीतून नकाशा काढला. घड्या जिथं पडल्या होत्या तिथं कागद फाटत आला होता. तिनं माळाच्या हिरव्या ठिगळावर बोट ठेवलं. "हे मला बदलावं लागेल, काकू. पुढचा तलाव ज्याला द्यायचा त्याचा हिशेब यावरून होतो. गायरानाचं पुन्हा बघू, तिथं मिळेल."

"बदला की. त्येच्यासाठीच सांगितलं. लोकाला पाणी लागतंय." तिनं सूप पुन्हा पुढं ओढलं. "कागदावर बदला. पारावर नगा सांगू."

"नाही सांगत."

"जेवून जा. भाकरी टाकते."

सदफ जेवली. जाताना तिनं तुळजाबाईचे दोन्ही हात हातात घेतले, झिजलेली नखं बघितली आणि गाडीत बसली. नकाशावर आता त्या माळाचा रंग तांबडा आहे. पारावर चांगलं पान आलं की अजून "अण्णारावचा माळ आला" असंच म्हणतात. गायरानावरचं काम पुढच्या उन्हाळ्यात धरायचं आहे असं म्हणतात.

अण्णाराव दोन हजार चोवीसच्या सहा सप्टेंबरला, पोळ्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी घरी वारला. मुलगी भूकंपाच्या साली, हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी वारली. तिचं नाव ठेवलेलं नव्हतं.